सौम्य म्हणजे कोणासाठी? : शाम्पूच्या वेष्टनावरील मजकुराचे परीक्षण

एरवी परीक्षण असते ते पुस्तकांचे. या वेळी आम्ही परीक्षणाला घेतलेले लेखन ग्रंथालयात मिळणार नाही. पण धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही किराणा दुकानात ते माळेसारखे लोंबत असते. ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही त्या घरातही ते आठवड्यातून एकदा येते, न्हाणीघरात दाताने फाडले जाते आणि न वाचताच मोरीतून वाहून जाते. आम्ही बोलतो आहोत ते शाम्पूच्या पुड्यांवर आणि बाटल्यांवर छापलेल्या मजकुराबद्दल, आणि त्यातही 'सौम्य' या एका शब्दाबद्दल.

विषय सुचला तो आमच्याच एका चुकीमुळे. कळंब तालुक्यातल्या एका शाळेत आठवीच्या वर्गात कुरळ्या केसांची एक मुलगी होती. एकदा प्रार्थनेच्या वेळी आम्ही तिला सर्वांसमोर म्हणालो, "केस नीट विंचरून येत जा." ती मान खाली घालून म्हणाली, "इंचरूनच आले, सर." आणि ते खरे होते. कोरडे कुरळे केस जितके विंचरावे तितके पिंजारतात, हे विज्ञान शिकवणाऱ्या आम्हाला ठाऊक नव्हते. पुढे कळले की तिच्या आईने तालुक्याच्या गावाहून 'कुरळ्या केसांसाठी, अतिसौम्य' असे लिहिलेली बाटली आणली. तिची किंमत आईच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढी होती. घरचे पाणी बोअरचे. चार वेळा धुऊनही केस चिकट आणि राठच राहिले, तेव्हा आईने निष्कर्ष काढला, "पोरीचे केसच वाईट." बाटली निर्दोष, पाणी निर्दोष, सर निर्दोष, दोष एकट्या मुलीच्या केसांचा!

हा निष्कर्ष चुकीचा होता. तो का चुकीचा होता हे समजून घ्यायचे असेल, तर बाटलीवरचा मजकूर एखाद्या पाठासारखा शब्द न शब्द वाचावा लागेल. पण त्याआधी केस वाचू.

केस कुरळा असतो म्हणजे काय?

केस मुख्यतः केराटीन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला छपरावरच्या कौलांसारखी एकमेकांवर चढलेली सूक्ष्म खवले असतात. या थराला उपत्वचा म्हणू. खवल्यांची मोकळी टोके केसाच्या टोकाकडे वळलेली असतात. खवल्यांच्या पृष्ठभागावर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ लेप असतो आणि त्यामुळे निरोगी केस पाणी सहज शोषत नाही.

सरळ केसाचा आडवा छेद बराचसा गोल, तर कुरळ्या केसाचा लंबवर्तुळाकार असतो. ज्या पिशवीवजा मुळातून केस उगवतो तेच मूळ वाकडे असल्यामुळे केस वळत वळत बाहेर येतो. याचे दोन परिणाम होतात. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज पसरते. कुरळ्या केसावर मात्र त्याला वळणावळणाने जावे लागते आणि टोके कोरडी राहतात. दुसरे असे, की प्रत्येक वळणावर केस एकमेकांना घासतात, खवले उचकटतात, गुंता होतो. म्हणजे कुरळे केस 'वाईट' नसतात. त्यांना तेलाची उणीव आणि घर्षणाचा त्रास अधिक असतो. त्यांना लागणारे शाम्पू मळ काढणारे हवे, पण होते नव्हते ते सगळे तेल ओरबाडून नेणारे नको. 'सौम्य' या शब्दाचा मूळ अर्थ इतकाच.

वेष्टनाची भाषा

आता मजकुराकडे वळू. आम्ही अनेक वेष्टने समोर ठेवून वाचली. नावे वेगवेगळी, पण शब्दकळा एकच.

'मुळांपासून पोषण.' त्वचेच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला भूक नाही, तेव्हा पोषणही नाही. त्याला धुता येते, लेप देता येतो, झिजण्यापासून जपता येते. मिनिटभर लावून धुऊन टाकायच्या पदार्थाने पोषण होते हे वाक्य विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत आले, तर आपण त्याखाली लाल रेघ मारू.

'केमिकल-फ्री.' म्हणजे रसायनविरहित. घटकांच्या यादीत पहिले नाव बहुधा 'ॲक्वा' असते, म्हणजे पाणी. पाणी हे रसायनच आहे. त्या यादीत पुढे कुठेतरी 'ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड' असे धडकी भरवणारे नाव दिसते. हा पदार्थ आपल्या गवारीच्या बियांच्या डिंकावर प्रक्रिया करून मिळतो. तो केसावर पातळ थर देऊन गुंता कमी करतो. तेव्हा नाव लांब म्हणून पदार्थ विषारी, आणि नाव ओळखीचे म्हणून पदार्थ निर्धोक, हे दोन्ही समज सारखेच कच्चे आहेत.

'पीएच संतुलित.' पीएचला आपण सामू म्हणतो. संतुलित, पण किती अंकावर? तो अंक बहुतेक वेष्टनांवर नसतो. २०१४ साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी' या केसविषयक नियतकालिकात ब्राझीलमधल्या संशोधकांनी १२३ शाम्पूंचे सामू मोजून प्रसिद्ध केले. ते ३.५ पासून ९ पर्यंत पसरलेले होते आणि ५.५ किंवा त्याहून कमी सामू असलेले शाम्पू होते सुमारे ३८ टक्के. सामू जितका जास्त, तितका केसाच्या पृष्ठभागावरचा ऋण विद्युत्प्रभार वाढतो. सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात आणि केस फुलारतात. म्हणून कुरळ्या केसांना किंचित आम्लधर्मी शाम्पू मानवते. हा अंक छापणे काही अवघड नाही. त्याच्या जागी 'संतुलित' हे विशेषण छापले जाते, याला आमचा आक्षेप आहे.

'सल्फेट-फ्री.' हा आजचा सर्वांत लाडका शब्द. शाम्पूतला मळ काढणारा घटक म्हणजे अपमार्जक. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. तेलाकडची टोके मळाभोवती गोळा होतात आणि त्याला पाण्यासोबत वाहून नेतात. सोडियम लॉरिल सल्फेट हा यातला दांडगा गडी. त्वचेचा दाह कसा होतो हे अभ्यासण्यासाठी प्रयोगशाळेत तोच मुद्दाम लावला जातो. त्याचाच भाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट. नावात दोन अक्षरांचा फरक, पण स्वभावाने बराच मवाळ. म्हणजे 'सल्फेट' या एकाच आडनावाखाली दोन वेगळे स्वभाव नांदतात.

उलट, सल्फेट नसले म्हणजे सौम्यच, असेही नाही. 'सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट' हे अनेक सल्फेट-फ्री शाम्पूंत असते. ते सल्फेट नाही, पण मळाबरोबर तेल काढण्यात चांगले जोरकस आहे. आणि खरे सांगायचे तर कपडे धुण्याची साबणवडीही सल्फेट-फ्रीच असते! तिने कुरळे केस धुऊन पाहा म्हणजे या शब्दाची किंमत कळेल. खरोखर मवाळ म्हणावेत असे घटक म्हणजे कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड, सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट. ही नावे यादीत पहिल्या चार-पाचांत आहेत का, हे पाहायचे.

यादी वाचायची कशी, यालाही नियम आहे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याहून कमी असलेले नंतर, कोणत्याही क्रमाने. म्हणून पुढच्या बाजूला शिकेकाईचे मोठे चित्र असले आणि मागच्या यादीत शिकेकाई सगळ्यात शेवटी सापडली, तर ती चित्रापुरतीच आहे असे खुशाल समजावे.

मात्र याच नियमात एक सूट आहे आणि ती आम्हाला फार बोचते. ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव असलेल्या वेष्टनावर घटकांची यादी छापण्याचे बंधन नाही. काही उत्पादक तरीही छापतात, पण ती भिंग लावल्याशिवाय वाचता येत नाही. म्हणजे जो बाटली विकत घेऊ शकतो त्याला वाचण्याचा हक्क आहे आणि जो एक-दोन रुपयांची पुडी घेतो त्याला नाही. पुडीवर जागा कमी असते हे आम्हाला मान्य आहे. पण पुढच्या बाजूला नटीच्या केसांना जागा सापडते, तर मागे मुख्य अपमार्जकाच्या एका नावाला का सापडू नये?

वेष्टनात नसलेला घटक : पाणी

आतापर्यंतचे आक्षेप छापलेल्या मजकुराविषयी झाले. परंतु या लेखनातला सर्वांत मोठा दोष त्यात जे नाही त्याचा आहे. शाम्पू कोरड्या केसांवर काम करत नाही, पाण्यात करतो. कोणत्या पाण्यात, याबद्दल वेष्टन मुके असते.

धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर, काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना ही खनिजे झिजवते. वरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. म्हणून खोल बोअरच्या पाण्यात या दोन धातूंचे क्षार विरघळलेले सापडतात. हेच आपल्या पुस्तकातले दुष्फेन पाणी. धाराशिव शहरात उजनी धरणाचे पाणी नळाला येते; वाडीवस्तीवर बोअर, आणि उन्हाळ्यात टँकर. एकाच जिल्ह्यातल्या दोन मुली एकच शाम्पू वापरतात, पण पाणी मात्र दोन तऱ्हेचे असते.

हा फरक केवढा असू शकतो? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते. म्हणजे मानकाच्या आतच तिपटीचा फरक झाला. पिण्यास चालणारे पाणी केसांना मानवेलच असे नाही.

दुष्फेन पाण्यात साबणाचे काय होते ते आपण शिकवतोच. साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारी पांढरट साय ती हीच. पाठ्यपुस्तकात हा मुद्दा बहुधा कपड्यांच्या संदर्भात येतो. पण केसांवरही तोच साका बसतो, आणि कुरळ्या केसांच्या वळणांत तो अडकून राहतो. शाम्पूतल्या कृत्रिम अपमार्जकांचा असा साका होत नाही, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. केसाच्या ऋणप्रभारित पृष्ठभागावर कॅल्शियमचे आयन धुण्याच्या पाण्यातूनच येऊन चिकटतात. शाम्पू कितीही सौम्य असला, तरी शेवटचा तांब्या त्याच बोअरचा असतो.

गंमत अशी की यावरचा उपाय यादीत कधीकधी असतो, पण लोक त्यालाच घाबरतात. 'डायसोडियम ईडीटीए' हे नाव पाहून 'केमिकल आहे' म्हणून बाटली परत ठेवणारे आम्ही पाहिले आहेत. हा पदार्थ कॅल्शियमच्या आयनांना पकडून ठेवतो. दुष्फेन पाण्याच्या गावात हे नाव यादीत असणे ही चांगली खूण आहे.

दूरदेशीची पद्धत

कुरळ्या केसांबद्दल आज आपल्या शहरांतून जे सल्ले फिरतात, त्यांतले पुष्कळसे लॉरेन मॅसी यांच्या 'कर्ली गर्ल' या इंग्रजी पुस्तकापर्यंत जाऊन पोचतात. मॅसी यांचे केशकर्तनालय न्यूयॉर्कचे. सल्फेट नको, सिलिकोन नको, कोरडे केस विंचरणे नको, फेसाचा शाम्पू शक्यतो नकोच, कंडिशनरने धुवा, असे त्या पद्धतीचे सार.

या पुस्तकाचे श्रेय मोठे आहे. कुरळे केस हा दोष नसून एक प्रकार आहे, त्यांना सरळ करायची गरज नाही, हे त्याने ठामपणे सांगितले. कोरड्या केसांत कंगवा घालू नये ही सूचनाही बरोबर आहे. ती आम्हाला आधी कळली असती, तर प्रार्थनेच्या वेळचा तो प्रसंग टळला असता.

पण सल्ला जिथे जन्मतो तिथले पाणी तो सोबत आणत नाही. न्यूयॉर्क शहराला डोंगरांतल्या जलाशयांचे सुफेन पाणी नळाने मिळते. तिथे कंडिशनरने धुतलेले केस पुरेशा पाण्याने स्वच्छ होतात. आपल्याकडे वैशाखात टँकरच्या दोन बादल्यांत घरातल्या सगळ्यांचे न्हाणे उरकायचे असते. त्यात क्षार आणि कंडिशनर यांचा थरावर थर बसतो आणि केस चिकट होतात. अशा वेळी महिन्यातून एखाद-दोनदा लॉरेथ सल्फेटच्या साध्या शाम्पूने धुणे हेच शहाणपणाचे. सिलिकोनचे लेपही पाण्याने निघत नाहीत. त्यांना अपमार्जक लागतोच. 'कधीच नको' हा नियम सुफेन पाण्यात परवडतो. बोअरच्या पाण्यात तो तपासून घ्यावा लागतो.

मग शिकेकाई बरी?

इथवर वाचून काही वाचक म्हणतील, आपली शिकेकाई-रिठ्याची पद्धतच चांगली होती. काही अंशी खरे आहे. या फळांत सॅपोनिन नावाचे फेसाळ पदार्थ असतात. शिकेकाईचा काढा आम्लधर्मी असतो, त्यामुळे खवले बसते राहतात. साबणासारखा साक्याचा त्रासही त्यात होत नाही. पण रिठा डोळ्यांत गेला तर काय होते हे लहानपणी ज्याने अनुभवले आहे, तो त्याला सौम्य म्हणणार नाही. शिकेकाईची भरड पूड कुरळ्या केसांच्या वळणांत अडकते आणि ती काढण्यासाठी पुन्हा पाणी लागते. म्हणून पूड थेट न लावता रात्री भिजवून, उकळून, कापडातून गाळलेला काढा वापरावा. आणि नावात शिकेकाई असलेली साबणवडी ही शेवटी साबणच असते, हे विसरू नये.

जुन्या रिवाजांतली एक गोष्ट मात्र प्रयोगाच्या कसोटीला लागली आहे. ती म्हणजे न्हाण्याआधी तेल लावणे. २००३ साली मुंबईच्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. खोबरेल तेल लावून धुतलेल्या केसांतून प्रथिने कमी बाहेर पडली. उरलेल्या दोन तेलांचा तसा फायदा दिसला नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ साखळीचे असल्यामुळे ते केसात शिरतात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. हे संशोधक खोबरेल तेल विकणाऱ्या मॅरिको या कंपनीतले होते, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही. पण प्रयोग कोणी केला, हे विचारण्याची सवय लागते. आपल्याकडे पिकणाऱ्या करडईच्या तेलाची त्या प्रयोगात परीक्षा झाली नव्हती. घटकांच्या दृष्टीने ते सूर्यफुलाच्या तेलाच्या जवळचे आहे, तेव्हा आडाखा बांधता येईल, खात्री देता येणार नाही.

निवड आणि वापर

या सगळ्याचा व्यवहारात अर्थ काय? आधी आपले पाणी ओळखा. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा अहवाल असेल तर त्यातला 'एकूण कठीणपणा' हा रकाना पाहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतही पाणी तपासले जाते. पाणी दुष्फेन असेल तर केसांना कोणताही साबण लावू नये, मग तो कितीही सुगंधी असो. यादीत लॉरिलऐवजी लॉरेथ, सोबत बीटेन, आणि जमल्यास ईडीटीए किंवा सायट्रिक आम्ल असलेला शाम्पू निवडावा. तो महागच असतो असे नाही.

यानंतर वापर, आणि आमच्या मते अर्धी सौम्यता वापरातच आहे. शाम्पू थेट डोक्यावर न ओतता मगभर पाण्यात कालवून घ्यावा. एक-दोन रुपयांच्या पुडीतला अर्धा शाम्पू असा पातळ करून लावणे हे महाग बाटलीतला दाट शाम्पू टोकांना चोळण्यापेक्षा केसांना कमी त्रासाचे असते. तो त्वचेला लावावा, टोकांना नाही. टोकांचा मळ वरून उतरणाऱ्या पाण्याने निघतो. बोटांच्या पेरांनी हलके दाबावे. 'शाम्पू' हा शब्द मुळात आपल्याच 'चांपणे', म्हणजे दाबणे, या घराण्यातला. पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या ब्रायटनला स्नानगृह काढून तो तिकडे गाजवला. तिथे शाम्पू म्हणजे मालिश. फेसाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. फेसावरून स्वच्छतेची परीक्षा करू नये. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसेच हे.

शेवटचे धुणे सर्वांत चांगल्या पाण्याने करावे. तापवलेल्या पाण्यातले काही क्षार बंबाच्या आत पांढरा थर होऊन बसतात हे आपण पाहतो. म्हणून उकळून निवळलेले पाणी कच्च्या पाण्याहून थोडे सुफेन असते. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारे, पहिल्या सरी सोडून धरलेले पाणी तर उत्तमच. केस ओले असतानाच, हाताला थोडे खोबरेल लावून, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर असा गुंता सोडवावा. टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या सुती कापडात टिपावेत. वाळल्यावर कंगवा नको. उवांसाठी बारीक फणी फिरवायची तीही केस ओले आणि निसरडे असतानाच.

वर्गात करून पाहा

चार प्रयोग एका तासिकेत होतात. सारख्या चार बाटल्या घ्या. दोनांत पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी, दोनांत बोअरचे. प्रत्येक जोडीत एकीत साबणाच्या द्रावणाचे, दुसरीत शाम्पूच्या द्रावणाचे सारखे थेंब टाका आणि सारख्या वेळा हलवा. कोणत्या बाटलीत फेस येत नाही, कोणतीत साका दिसतो, हे मुलांना लिहू द्या.

हळदीने रंगवलेल्या कागदावर साबणाचा आणि वेगवेगळ्या शाम्पूंचा थेंब टाका. जो थेंब लाल डाग पाडेल तो अल्कधर्मी. 'संतुलित' या शब्दाची परीक्षा पाच पैशांत होते.

एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून पुढे-मागे चोळा. तो नेहमी एकाच दिशेने सरकतो, मुळाच्या बाजूला. खवल्यांची दिशा सूक्ष्मदर्शकाविना अशी कळते.

चौथा प्रयोग वाचनाचा. रिकाम्या पुड्या आणि बाटल्या मुलांनी घरून आणाव्यात. प्रत्येकीवरची विशेषणे एका रकान्यात, मोजता येण्याजोगी विधाने दुसऱ्या रकान्यात लिहावीत. दुसरा रकाना किती भरतो हे पाहणे उद्बोधक ठरेल. सोबत दर मिलिलिटरचा भावही काढावा. हे गणित बाजारात उपयोगी पडते.

त्या मुलीला आम्ही नंतर दोन गोष्टी सांगितल्या. एक, कोरडे केस विंचरू नकोस. दुसरी, वर्गासमोर: त्या दिवशी चूक तुझी नव्हती, आमची होती. तिची बाटली संपेपर्यंत ती मगात कालवून, शेवटचे पाणी बंबाचे घेऊन वापरली गेली. केस कुरळेच राहिले, तसे ते राहणारच होते. पण चिकटपणा गेला. आईचा निष्कर्षही बदलला असावा, कारण पुढच्या वेळी तिने दुकानदाराला मागच्या बाजूची यादी वाचून दाखवायला सांगितले. त्याला ती वाचता आली नाही, ही गोष्ट वेगळी.

आपल्या गावच्या पाण्यावर वरचे प्रयोग जरूर करावेत. बोअरची खोली, पाण्याचा कठीणपणा आणि चार बाटल्यांत काय दिसले, एवढे आम्हाला कळवावे. आणि हजेरी घेताना एखादीचे केस पिंजारलेले दिसले, तर ते न विंचरलेले आहेत असे गृहीत धरू नये. आधी विचारावे, घरी पाणी कुठले आहे.